‘अडले आहे’ म्हणण्याची विद्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नेरे येथे केलेले भाषण)



‘संगणक-अभियंत्यांच्या अंगची मृदू कौशल्ये’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि तीवर अध्यापनाची पदविका, एवढीच माझी विद्या. संगणकाच्या आज्ञावलीची एक ओळही मी जन्मात लिहिलेली नाही. परंतु आपल्या नेऱ्याच्या शेजारीच हिंजवडी आहे. ज्या माळांवर आपली गुरे चरत, तेथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि या सभेत असे कुटुंब विरळाच, की ज्याचा मुलगा, सून, जावई, निदान भाडेकरू तरी तेथे नोकरीस नाही. तेव्हा विषय परका असला तरी घरातला आहे, असे म्हणून मी उभा राहिलो.

प्रथम शब्दाविषयी. ‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्द अमेरिकेच्या सैन्यातील प्रशिक्षणातून सुमारे १९७० च्या आगेमागे रूढ झाला. यंत्र चालविण्याचे ते एक कौशल्य आणि माणसांशी वागण्याचे ते दुसरे, असा तो भेद होता. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ अस्खलित इंग्रजी, गळ्यात टाय आणि हस्तांदोलन एवढाच होऊन बसला आहे. त्या नावाने वर्ग निघतात, शुल्क घेतले जाते. मराठी शाळेतून गेलेला आपला मुलगा तेथून अधिकच खचून परत येतो. या समजुतीस माझा विरोध आहे, आणि तो का, ते सांगण्यासाठी एक घरची हकीकत सांगणे भाग आहे.

२०२० साली टाळेबंदीत माझा पुतण्या आमच्या माजघरात बसून कंपनीचे काम करू लागला. रोज सकाळी ठरल्या वेळी त्याची पंधरा मिनिटांची सभा भरे. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. तो मला म्हणाला, “तात्या, याला स्टँड-अप म्हणतात. खरं तर उभं राहूनच करायची असते.” या पद्धतीचे एकंदर नाव अ‍ॅजाइल. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जाणकार जमले आणि त्यांनी तिचा छोटासा जाहीरनामा लिहिला. साधने आणि ठरीव कार्यपद्धती यांहून माणसे आणि त्यांचा परस्परव्यवहार अधिक मोलाचा, हे त्यातील पहिलेच तत्त्व. तिच्यातील ‘स्क्रम’ या प्रकारात दहाच्या आतबाहेर माणसांचा चमू असतो. महिनाभरात किंवा त्याहून थोड्या मुदतीत कामाचा एक तुकडा पुरा करावयाचा आणि अखेरीस, आपण काम कसे केले, याची सर्वांनी मिळून चर्चा करावयाची.

मला यात नवल वाटले नाही. मुळशीत भाताची लावणी ज्याने केली आहे, त्याला हे ठाऊक आहे. चिखलणी झाली नाही तर आवण उपटून ठेवलेल्या बाया बांधावर बसून राहतात. बैल बसला असेल तर ते सकाळीच ओरडून सांगावे लागते, दुपारी सांगून उपयोग नाही.

आता हकीकत. लागोपाठ तीन दिवस सभेत पुतण्या म्हणाला, “काम चालू आहे, अडचण नाही.” आणि तीनही रात्री दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा. चौथ्या दिवशी त्याच्या एका तुकड्यापायी सगळ्या चमूचे काम थांबले. बोलणी बसली ती बसलीच. मी त्यास विचारले, “पहिल्याच दिवशी का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “अडलंय म्हटलं की वर्षअखेरच्या मूल्यमापनात ते निघतं.” मग क्षणभर थांबून म्हणाला, “आणि तात्या, तुमच्याच वर्गात होतो ना मी. येत नाही म्हटलं, की तुम्ही बाकावर उभं करायचात.”

सज्जनहो, या वाक्याने माझी झोप गेली. इंग्रजी त्यास उत्तम येत होते. तांत्रिक ज्ञानही होते. येत नव्हते ते ‘मला येत नाही’ हे वाक्य, आणि ते त्याच्या तोंडून काढून घेणारा मीच होतो.

या धंद्यात हे वाक्य किती महागाचे आहे, याविषयी हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विचार करण्याजोगा आहे. रुग्णालयातील ज्या चमूंचे नेतृत्व चांगले, तेथे औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी पाहता चुका तेथेच अधिक निघाल्या! शोध घेता कारण दिसले, ते असे की तेथे परिचारिका चूक सांगावयास भीत नव्हत्या. इतरत्र चुका होत, पण झाकल्या जात. ज्या वर्गात कोणीच शंका विचारीत नाही, तो वर्ग हुशार आहे, असे मानून मीही कित्येक वर्षे समाधान मानले होते.

दुसरे कौशल्य टीका करण्याचे आणि ती सोसण्याचे. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसरा तपासतो आणि मगच ती पुढे जाते. जेराल्ड वाइनबर्ग या लेखकाने १९७१ सालीच लिहून ठेवले, की आज्ञावलीतील दोष हा लिहिणाराचा अपमान समजू नये. त्यासाठी अहंकार बाजूस ठेवण्याची सवय लावावी. सांगणे सोपे आहे. पुतण्यास एकदा लेखी शेरा आला, “हे असे का?” त्याने तो चार दिवस मनात धरला. शेरा लिहिणारी मुलगी बंगळूरची. तिला केवळ माहिती हवी होती. पुढे तो स्वतः शेरे लिहू लागला, तेव्हा ‘हे चूक आहे’ ऐवजी ‘येथे रक्कम शून्य आली तर काय होईल?’ असे लिहावयास शिकला. मी तांबड्या शाईने वह्यांवर जे जे लिहिले, ते आठवून मी गप्प राहिलो.

हे गुण व्याख्यानाने येत नाहीत. पुतण्याच्या चमूवर नंतर ज्या बाई प्रमुख म्हणून आल्या, त्या आठवड्याच्या पहिल्या सभेत आपली स्वतःची एक चूक सांगत. दोन महिन्यांत बाकीचे सांगू लागले. एवढेच झाले. कोणताही वर्ग लावावा लागला नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र नाजूक आहे, आणि येथे मी अनुभवाने बोलतो. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाच्या स्वभावाविषयी, सहकार्याविषयी वर्णनात्मक नोंदी करावयाच्या. हेतू उत्तम. पण लवकरच तयार नोंदींच्या याद्या हाती आल्या, आणि ‘इतरांना मदत करतो’, ‘आत्मविश्वासाने बोलतो’ ही वाक्ये आम्ही हजेरीपटाच्या क्रमाने उतरवून काढली. मीही काढली. आम्हा शिक्षकांचेही गोपनीय अहवाल वरिष्ठ लिहीत आणि त्यांत काय आहे ते आम्हास कळत नसे. सरकारी सेवकाच्या अहवालातील प्रत्येक शेरा त्यास कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त प्रकरणात सांगितले, तोवर माझी बहुतेक नोकरी संपत आली होती. जो दोष मला कोणी सांगितलाच नाही, तो मी सुधारावा कसा?

म्हणून माझे मत असे, की ‘संवादकौशल्य : दहापैकी सात’ या आकड्यास अर्थ नाही. अडचण आल्यापासून ती सांगेपर्यंत किती दिवस गेले, त्याचे शेरे वाचून दुसऱ्यास काम सुधारता आले काय, मागच्या चर्चेत ठरलेली गोष्ट पुढच्या वेळी केली काय, हे पाहावे. पाहणारे सोबत काम करणारेच असावेत. आणि पाहिलेले त्या माणसास, प्रसंगाचे नाव घेऊन, आठवड्याच्या आत सांगावे. पगारवाढीचा कागद त्यापासून शक्य तितका दूर ठेवावा. कंपन्यांस बढती कशावर तरी द्यावीच लागते, हे मी जाणतो. पण कबुलीचे गुण कापले जातात असे एकदा दिसले, की माणसे कबुली देणे सोडतात.

आता मंडळापुरते. चिटणीसांनी मुलामुलींसाठी व्यक्तिमत्त्वविकास वर्ग योजिला आहे, आणि अखेरीस गुण देऊन पहिल्या तिघांस ढाल देण्याचा विचार आहे. माझी विनंती, की ढाल नको, गुणही नकोत. पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट करून त्यांच्याकडे खरे काम सोपवावे. मंडळाची सभासदवही, जी दरवर्षी चुकीच्या पत्त्यांसह छापली जाते, तीच त्यांना दोन आठवड्यांत घरोघर जाऊन दुरुस्त करू द्यावी. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे उभ्याने सभा, मराठीतून. आणि शेवटी, काम कसे झाले, याची चर्चा. हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्या दोन-तीन तरुणांनी बाजूस बसून नुसते पाहावे आणि मग ज्याचे त्याला सांगावे. पुतण्याने होकार दिला आहे. पहिल्या सभेत माझ्या चुकांपैकी एक मी सांगेन. यादी मोठी आहे. जागेस माझी पडवी आहे. पावसाळ्यात ती एका कोपऱ्यात गळते, तेव्हा वर्ग दिवाळीनंतर भरवावा आणि सतरंज्या तेवढ्या मंडळाने पाठवाव्यात.