मोजपट्टी आणि मनधरणी

नऊवारी लुगड्याला माप नसते. सासूचे लुगडे सुनेला बसते आणि अंग भरले किंवा उतरले म्हणून कोणी ते टाकून देत नाही. धोतराचीही तीच गोष्ट. माप लागले ते शिवलेल्या कपड्याला. आणि तेथेही ते दीर्घकाळ शिंप्याच्या मापवहीत सुखाने नांदत होते. गिऱ्हाईक समोर उभे राही, शिंपी गळ्यातील टेप काढून छाती, कंबर, खांदा मोजी, आणि एखाद्याचा उजवा खांदा किंचित उतरता असला तर त्याचा बोभाटा न करता वहीत तशी खूण करी. संशोधनपद्धती हा शब्द त्याच्या कानावरून गेला नसेल. परंतु प्रत्यक्ष पाहणे, मोजणे, विचारणे आणि नोंद ठेवणे ही संशोधनाची चारही अंगे त्याच्या दुकानात होती.

तयार कपड्यांचे कारखाने निघाले आणि कापड बेतणारा व कपडा घालणारा यांची गाठ पडेनाशी झाली. तेव्हा दोन प्रश्न उभे राहिले. न पाहिलेल्या लक्षावधी माणसांची अंगे कशी असतात, हा पहिला. आणि त्यांच्या मनाला काय रुचेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजपट्टीने शोधायचे, दुसऱ्याचे विचारपूस करून. फॅशनच्या उद्योगातील सारे संशोधन या दोन प्रश्नांभोवती फिरते. दुसऱ्या प्रश्नाच्या आसऱ्याने मात्र आणखी एक व्यवसाय वाढला. लोकांचे मन जाणून घेणे, आणि जमल्यास ते वळवणे, हे त्याचे काम. त्यालाच जनसंपर्क असे नाव आहे.

या व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एडवर्ड बर्नेज. १८९१ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हे गृहस्थ मनोविश्लेषणशास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. त्यांची १९३४ सालची एक हकीकत उद्बोधक आहे. 'लकी स्ट्राइक' सिगारेटचे पाकीट त्या वेळी हिरव्या रंगाचे होते, आणि हा हिरवा रंग आपल्या कपड्यांना शोभत नाही म्हणून स्त्रिया ते पाकीट हाती धरत नाहीत, असे आढळून आले. पाकिटाचा रंग बदलावा, ही साधी सूचना कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना मानवली नाही. त्या रंगाच्या जाहिरातीवर अमाप पैसा खर्च झाला होता. तेव्हा पाकीट बदलायचे नसेल तर फॅशन बदलावी, असे बर्नेज यांनी ठरवले. न्यूयॉर्कच्या वाल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात प्रतिष्ठित स्त्रियांच्या पुढाकाराने, धर्मादाय कार्यासाठी म्हणून, हिरव्या रंगाचा नृत्यसमारंभ झाला. फॅशनविषयी लिहिणाऱ्या संपादकांना मेजवानी दिली गेली, हिरव्या रंगावर व्याख्याने झाली, रेशीम विणणारे त्यात सामील झाले. या साऱ्यामागे सिगारेट कंपनीचा पैसा आहे, हे समारंभाला आलेल्यांना मात्र कळू दिले नव्हते.

येथे संशोधन खोटे होते असे म्हणता येणार नाही. स्त्रियांच्या मनातील अडचण बरोबर हेरली गेली होती. दोष होता तो त्या ज्ञानाच्या विनियोगात. जाणून घेतलेली अडचण दूर करण्याऐवजी, अडचण सांगणारे माणूसच न कळत बदलून टाकावे, असा तो खटाटोप होता. हेच बर्नेज उत्तरायुष्यात धूम्रपानाच्या विरोधात उभे राहिले.

त्याच दशकाच्या अखेरीस त्याच देशात दुसऱ्या जातीचे संशोधनही झाले. तयार कपडे अंगाला बसत नाहीत म्हणून दुरुस्तीचा व परत येणाऱ्या मालाचा भुर्दंड वाढला होता. १९३९ व १९४० या वर्षांत अमेरिकन शेती खात्याच्या गृहशास्त्र विभागाने सुमारे १५ हजार स्त्रियांची मोजणी केली. प्रत्येकीची ५९ मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९४१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. छातीचे एक माप घेतले की बाकीची मापे आपोआप कळतात, या कारखानदारांच्या समजुतीला त्याने धक्का दिला. परंतु या पाहणीतही एक मोठी उणीव होती. स्त्रिया स्वेच्छेने आलेल्या व अल्प मोबदला घेतलेल्या होत्या, आणि हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. नमुना ज्यांचा घेतला त्यांचेच ज्ञान होते. ज्यांना वगळले त्यांच्यासाठी कपडा तयार होत नाही. नमुना निवडणे ही केवळ गणिताची बाब नाही, ती न्यायाचीही बाब आहे.

सरासरी हा शब्दही असाच फसवा आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मोजणी केली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अभ्यासकाने त्यातील दहा मापे निवडली आणि या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, हे पाहिले. उत्तर आले : एकही नाही! सरासरी माणसासाठी बेतलेली वस्तू कोणालाच नीट बसत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

१९४१ च्या त्या अहवालाच्या पायावर १९५८ साली अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांचे अधिकृत प्रमाण ठरले. ते १९८३ साली मागे घेण्यात आले. दरम्यान कारखानदारांना एक युक्ती गवसली होती. कपडा तोच ठेवून त्यावरील आकडा लहान छापला, तर आपण सडपातळ आहोत या आनंदात गिऱ्हाईक तो घेऊन जाते. अशा रीतीने मोजपट्टीचे काम मनधरणीने गिळले. मापाचा आकडा ही वस्तुस्थिती न राहता खुशामत झाली, आणि एकाच स्त्रीला तीन दुकानांत तीन आकड्यांचे कपडे बसू लागले.

मनधरणीचीही मर्यादा आहे, हे १९७० साली दिसून आले. पोटरीपर्यंत येणारा 'मिडी' झगा हीच आता फॅशन, असा डंका फॅशनच्या वृत्तपत्रांनी पिटला. दुकाने मालाने भरली. पण अमेरिकन स्त्रियांनी तो झगा नाकारला, कित्येकींनी तर त्याविरुद्ध संघटना काढल्या. गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या वतीने उत्तर देणाऱ्यांची अशी फजिती होते.

भारतात तयार कपडा घराघरांत पोहोचला, तरी त्यावरील मापे पुष्कळ अंशी ब्रिटिश व अमेरिकन कोष्टकांवरून घेतलेली होती. वस्तुतः नमुना-पाहणीच्या शास्त्रात हा देश मागे नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. निरनिराळ्या समाजांच्या शरीरमापांची तुलना करता करता त्यांना सुचलेले गणित आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तरीही भारतीय शरीरांसाठी कपड्यांचे कोष्टक बनवण्याचे काम राहून गेले होते. १९८६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने ते हाती घेतले. १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मोजणी, अंगाला स्पर्श न करणाऱ्या यंत्राने, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांत करावी, अशी ती योजना. शिलाँगचा समावेश मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. ईशान्येकडील माणूसही या देशाचा गिऱ्हाईक आहे, हे त्यात मान्य केलेले आहे. त्याच वेळी हेही विसरू नये की ही सर्व शहरे आहेत. शेतात राबणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या अंगाची ठेवण निराळी असू शकते. त्यांचा विचार शहरांतील आकड्यांवरून परस्पर करणे धाडसाचे होईल.

कपड्याच्या दुकानातील आरशासमोर उभी असलेली मुलगी, सदरा खांद्यावर अडला की 'माझेच अंग बेढब आहे' असे म्हणून हिरमुसते. तिच्या अंगात काही उणे नसते. परक्या देशातील, परक्या पिढीतील मापांचे कोष्टक तेथे चुकलेले असते. प्रामाणिक मोजणीने तिची ही हिरमोड टळेल. त्या मोजणीत काय आढळले, कोण सुटले आणि आकडा कशासाठी वापरला जाणार, हे लोकांना उघडपणे सांगणे हेच जनसंपर्काचे खरे काम होय. जुना शिंपी माप घेताना ते मोठ्याने उच्चारी आणि गिऱ्हाइकाच्या देखतच वहीत लिही. मोजपट्टीची जागा यंत्राने घेतली तरी ही रीत सोडण्याचे कारण नाही.