सुईचं माप आधी, किंमत नंतर

तिरुवैयारुहून बोलतोय, कावेरीकाठच्या त्यागराजांच्या गावातून. इथे किंवा तंजावरला ओळखीच्या मराठी घरी गेलो की कपाटातून दोन तऱ्हेच्या तबकड्या निघतात. ७८ वेगाच्या जड, लाखेच्या, आणि ३३च्या एलपी. पाठोपाठ प्रश्न येतो, "कर्नलसाहेब, स्वस्तातलं कार्ट्रिज सांगा." फौजेत कार्ट्रिज म्हणजे काडतूस. नियम इथेही तोच, आधी नळीचं माप बघायचं.

एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८च्या सुईचं ७५च्या आसपास. म्हणजे चौपट. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना धड टेकत नाही, तळाशी घसरत राहते. खरखर पुढे, गाणं मागे. शिवाय त्या लाखेत दगडाची पूड असते, ती सुई खाते. आणि ७८ची जाड सुई एलपीवर ठेवलीत, तर एलपी गेलीच म्हणा. त्यागराजांचं समाधिमंदिर उभारणाऱ्या बेंगळुरू नागरत्नम्मांच्याही तबकड्या निघाल्या होत्या. तशी एखादी तुमच्याकडे असेल, तर ती बिघडल्यावर दुसरी कुठून आणणार?

म्हणून माझं मत, बॉडी एक घ्या, सुया दोन. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत हे जमतं. तीत 'सी' गोल टोकाची, 'ई' लंबगोल आणि 'एसपी' खास ७८साठी. एक सुई काढायची, दुसरी खोचायची. 'सी' स्वस्त आणि टिकाऊ; कंपनी तिला ५०० तास देते, 'ई'ला ३००. तरी मी 'ई' घेईन. एलपीच्या आतल्या फेऱ्यांत गोल टोकाचा आवाज फाटतो, आणि मैफलीच्या तबकडीत भैरवी नेमकी तिथेच असते.

तेवढंही बजेट नसेल आणि फक्त एलपीच ऐकायच्या असतील, तर एटी३६००एल वाईट नाही. साडेतीन ग्रॅम वजन लागतं, जरा जड हात आहे, एवढंच.

जुन्या सुटकेसवाल्या प्लेयरमध्ये सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्यात ही बसवू नका. यांना फोनो प्रीअँप लागतो, त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

सुई बदलली की वजनही बदलायचं. 'ई'ला २ ग्रॅम, 'एसपी'चं तिच्या कागदावर बघा. अंदाजाने नको. सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या.