नापास झाले, पण हप्ता चुकवला नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्याच एका गटातल्या ताईंनी केलेलं हे भाषण. त्या सध्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेलं नाही.)



मला सांगितलं होतं, "डॉक्टर होणाऱ्या बाईचं भाषण आहे." आधीच सांगते, मी अजून डॉक्टर झालेली नाही. अजून दीड-दोन वर्षं अभ्यास आहे, त्यापुढे एक वर्ष इंटर्नशिप. आज माझं वय ३५ आहे. सगळं सुरळीत पार पडलं तर ३८व्या वर्षी डॉक्टर होईन. माझी थोरली लेक यंदा दहावीला आहे. म्हणजे घरात दोघींचीही परीक्षा एकाच वेळी चालू आहे.

मी बारावी सायन्स झाले २००८ साली. पुढच्याच वर्षी लग्न झालं. मार्कशीट पत्र्याच्या पेटीत तळाला गेली, वर लुगडी आली. २०१४ पासून मी गावात आशा म्हणून काम केलं. तुमच्यातल्या कितीतरी जणी आशा आहेत. घरभेटी, लसीकरण, गरोदर बायांची नोंद, सगळं तुम्हाला माहीतच आहे.

२०१८ मध्ये माझ्या यादीतली एक बाई बाळंतपणात गेली. तिच्या कार्डावर हिमोग्लोबिन ७ लिहिलेलं होतं. ते मीच वाचलं होतं. गोळ्या मीच पोचवल्या होत्या. बाळ झालं, बाळ चांगलं होतं, आणि मग तिचा रक्तस्राव थांबेना. मोठ्या दवाखान्यात नेताना ती गाडीतच गेली. तिचा हात माझ्या हातात होता. घरी आल्यावर तिच्या सासूनं मला विचारलं, "आशाताई, असं कसं झालं गं?" मला उत्तर देता आलं नाही. रक्त गेलं, एवढंच माहीत होतं. का गेलं, ते माहीत नव्हतं.

त्या रात्री मी पेटी उघडली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते, ती म्हणजे आपल्या गटाची बैठक. २०१९ मध्ये मी गटाकडे ३०,००० रुपये कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "नीट परीक्षेचा अभ्यास." सगळ्या गप्प. आपल्या गटात शेळीला कर्ज मिळतं, शिलाई मशीनला मिळतं, दवाखान्याला मिळतं, मुलाच्या फीलाही मिळतं. पण तिशीला आलेल्या बाईच्या स्वतःच्या अभ्यासाला? आमच्या गटातल्या एक काकू, त्या आजही इथं बसल्यात, म्हणाल्या, "अगं, शेळी मेली तर कातडं तरी हाती येतंय. तू नापास झालीस तर गटाच्या हाती काय येणार?"

मला राग आला होता. आज सांगते, काकूंचा प्रश्न बरोबर होता. पैसा सगळ्यांचा होता. आठवड्याला एकेक नोट साठवून जमलेला होता. मी म्हणाले, "पास होईन याची हमी मी देत नाही. हप्त्याची देते. पहिल्या महिन्यापासून मुद्दल १,२५० आणि वर व्याज. २४ महिने." काकूंनीच शेवटी अंगठा उठवला.

२०२० मध्ये पहिल्यांदा परीक्षेला बसले. कोरोना होता. दिवसभर सर्वे, घरोघरी ताप बघायचा, रात्री अभ्यास. १३ सप्टेंबरला मास्क लावून पेपर दिला. ७२० पैकी २१४ गुण पडले. २०२१ ला ३७१. दोन्ही वेळा सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही. गावात लोक हसले. कुणी मालकांना म्हणालं, "बायकोला कामाला लाव." त्या दोन वर्षांत मी दोनदा नापास झाले, पण हप्ता एकदाही चुकवला नाही. गटाचं रजिस्टर काढून बघा. दुसऱ्या निकालाच्या आधीच कर्ज फिटलेलं होतं.

२०२२ ला तिसऱ्यांदा बसले. घरी ठरलं होतं, ही शेवटची वेळ. नाही जमलं तर जीएनएम नर्सिंगला जायचं. त्याला वयाची अट ३५ची, म्हणजे माझ्या हातात वेळ होता. नर्सिंग कमी दर्जाचं म्हणून नव्हे हं. पोटापाण्याचं दार कायम उघडं ठेवायचं, म्हणून ते ठरवलं होतं. त्या वर्षी ५०३ गुण पडले आणि माझ्या प्रवर्गातून सरकारी कॉलेजात नंबर लागला.

अभ्यास कसा केला, ते बायका सारखं विचारतात. पहाटे चार ते साडेसहा. त्यानंतर घर जागं होतं, मग आपली सुटका नाही. पिठाच्या पत्र्याच्या डब्यावर मी खडूनं सूत्रं लिहायची, भाकरी थापता थापता वाचायची, पाठ झालं की पुसून दुसरं लिहायची. आत्याबाई म्हणायच्या, "या डब्यात पीठ कमी आणि अक्षरंच जास्त." बारावीची पुस्तकं जुनी घेतली. फिजिक्स काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. त्याला तालुक्याच्या एका सरांकडे रविवारी जायची. माझ्या शेजारी बसणारी पोरं माझ्या भाच्याच्या वयाची होती. पहिले दोन महिने मी एकही प्रश्न विचारला नाही. लाज वाटायची. मग हिशोब केला, रविवारच्या जाण्या-येण्याला आणि फीला गटाचा पैसा लागतोय, लाजून तो वाया घालवायचा का? विचारायला लागले.

ॲडमिशनच्या दिवशीची गंमत सांगते. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा, विद्यार्थ्याला पाठवा." मी म्हणाले, "साहेब, विद्यार्थी मीच." त्यांनी कागद दोनदा बघितला. वर्गात आता सगळी मला ताई म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री रडायला माझ्याच खोलीत येतात.

पण सगळं गोड नाही. आशाचं काम सोडावं लागलं, ते मानधन गेलं. शिष्यवृत्ती आहे, पण ती वेळेवर पडेलच असं नाही. पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत, रात्री डिक्शनरी घेऊन बसायची. आणि लेकी. धाकटीला ताप आला तेव्हा मी होस्टेलवर होते. थोरली एकदा फोनवर म्हणाली, "तू सगळ्या गावाच्या आजाराचं शिकतेस, आमचं कोण बघणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. घर आत्याबाईंनी उचललं म्हणून मी शिकतेय. माझ्या डिग्रीवर त्यांचं नाव येणार नाही, म्हणून इथं घेते.

पहिल्या वर्षी शरीराचं काम कसं चालतं ते शिकवतात. एक दिवस सरांनी सांगितलं, बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय घट्ट आकसतं, त्यानं आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ते आकसलं नाही तर रक्त वाहत राहतं. आणि बाईच्या अंगात आधीच रक्त कमी असेल तर थोडं गेलं तरी तिला ते सोसत नाही. मी वही मिटली. वर्गात सगळ्यांसमोर रडले. सुट्टीत गावी आले, त्या सासूबाईंकडे गेले आणि पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिनं काही चुकीचं खाल्लं नव्हतं?" पाच वर्षं ती माऊली तेच मनात घेऊन बसली होती.

मैत्रिणींनो, पहिल्या महिला डॉक्टर म्हटलं की आपण आनंदीबाई जोशींचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण रखमाबाईंचंही घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला म्हणून कोर्टात खेचलं गेलं. मग १८८९ मध्ये त्या लंडनला महिलांच्या वैद्यकीय शाळेत शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. त्यांच्या शिक्षणालाही लोकांनी पैसे उभे केले होते. म्हणजे बाईच्या शिक्षणाला चार जणींनी, चार जणांनी हातभार लावायचा, ही गोष्ट नवी नाही. आपण फक्त तिचा हप्ता बांधून घेतो.

आता कामाचं. वही काढा.

एक. नीटला कमीत कमी वय १७ पूर्ण लागतं. वरची मर्यादा आता नाही. २०२२ मध्ये ती काढली. कुणी "तुझं वय झालं" म्हणालं तर हे सांगा.

दोन. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. त्यातले निम्मे, ३६० गुण, बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणून अंदाजे टिक करू नका. पेपर मराठीतही मिळतो. पण पुढे कॉलेजात इंग्रजी आहे, हे धरून चला.

तीन. आर्ट्स झालेल्यांनी निराश होऊ नका. एएनएमचा कोर्स २ वर्षांचा, जीएनएमचा ३ वर्षांचा. दोन्हीला आर्ट्सची बारावी चालते. पण वय १७ ते ३५. तुमच्या गटात ३३-३४ची कुणी असेल तर तिला आजच सांगा, पुढच्या वर्षी नको. आणि शाळेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी तपासा. नुसता बोर्ड बघून पैसे भरू नका.

चार. कागद. माझी मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. ते जुळवण्यात चार महिने गेले. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच फॉर्मवर लागतं. लग्नाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. जातीचा दाखला आणि पडताळणी वडिलांकडच्या कागदांवर होते, सासरच्या नाही. वडील, भाऊ आहेत तोवर ते कागद गोळा करा.

पाच. पैसा. सरकारी आणि खाजगी कॉलेजच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात, तारीख चुकली की वर्ष गेलं. "सीट मिळवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सीट गुणांवर आणि सरकारी यादीतूनच मिळते.

सहा. किती वेळा बसायचं ते आधीच ठरवा, घरात बोलून ठरवा. मी तीन ठरवले होते. तिसऱ्यांदाही नंबर लागला नसता तर मी आज नर्स होणार असते, आणि तरीही याच मंचावर आले असते.

शेवटी एक मागणं. आपल्या एका गटात एका बहिणीचा अर्ज पडून आहे. ती ३२ वर्षांची आहे, बारावी आर्ट्स, नवरा नाही, एक मुलगा आहे. तिला एएनएमला जायचंय. गटात तिला तोच प्रश्न विचारला गेलाय, "नापास झालीस तर?" तिनं मला फोन केला. मी तिला सांगितलं, उत्तर मी देईन.

हे माझं उत्तर. नापास होईलही. मीही झाले. पण शिकायला निघालेली बाई हप्ता बुडवून पळून जात नाही, कारण तिला परत याच गावात यायचं असतं. मलाही सरकारी कॉलेजच्या नियमाप्रमाणे शिक्षणानंतर एक वर्ष सरकारी सेवा द्यायची आहे. मी आपल्याकडचंच प्राथमिक आरोग्य केंद्र मागणार आहे. मिळेल का ते माझ्या हातात नाही, पण मागणार.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या कारणांच्या यादीत एक ओळ घाला, "सदस्याचं स्वतःचं शिक्षण." हप्ता पहिल्या महिन्यापासून, बाकी नियम तेच. आणि काकू, तुम्ही मघापासून हसताय, मला दिसतंय. तिच्या अर्जावर सूचक म्हणून पहिली सही तुम्हीच करा. अनुमोदन मी देते.