शस्त्र हातात घेण्याआधी, हातातून देण्याआधी

(वडनेर भोलजी येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी वकील नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक शिस्त असते: एखादा शब्द वापरायचा असेल तर त्याची व्याख्या आधी बघायची, कारण ऐंशी टक्के घोळ तिथेच दडलेला असतो. हीच सवय घेऊन मी शस्त्र कायदा वाचला. त्यातल्या एका शब्दाबद्दलच आज बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे हस्तांतरण, आपल्या बोलीत ट्रान्सफर.

शस्त्र म्हटले की आपल्या पोरांच्या डोक्यात दोन गुन्हे येतात, बाळगणे आणि चालवणे. "मी काही केले नाही, फक्त एका दिवसासाठी ठेवले होते." "मी फक्त इथून तिथे पोहोचवले." "मित्राने फोटो काढायला दिले होते." घरचे लोकही हेच सांगत वकिलाकडे जातात. त्यांना प्रामाणिकपणे वाटते की विकत घेतले नाही, विकले नाही, म्हणजे आपला पोरगा सुटला.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू. सुरुवातीलाच, कलम २ मध्ये, व्याख्या दिल्या आहेत. तिथे लिहिले आहे की हस्तांतरण यात भाड्याने देणे, उसने देणे, नुसते देणे आणि ताबा सोडणे हे सगळे येते. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नाही. परवाना नसलेल्या माणसाला पिस्तूल "जरा धर" म्हणून दिले, तरी कायद्याच्या भाषेत व्यवहार झाला.

शिक्षेचे कलम २५ आहे. संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये ते बरेच कडक केले. विनापरवाना बंदूक किंवा पिस्तूल जवळ ठेवले तर किमान दोन वर्षे, कमाल पाच. आणि परवान्याशिवाय बनवले, विकले, हस्तांतरित केले तर किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप. म्हणजे जवळ ठेवणाऱ्यापेक्षा पुढे देणारा मोठा गुन्हेगार. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे उलटे वाटले. विचार केल्यावर पटले. एका कट्ट्याने एक माणूस मरतो, पण कट्टा दहा हातांतून फिरवणारा माणूस दहा घरे पेटवतो.

हे मी इथे, वडनेरमध्ये का सांगतोय? आपले गाव मुंबई-नागपूर महामार्गावर आहे. उत्तरेला जळगाव जामोद, संग्रामपूर, मग सातपुडा, आणि डोंगर उतरले की मध्य प्रदेशचा बऱ्हाणपूर जिल्हा. तिथले पाचोरी, तिकडे चोपड्याच्या पलीकडचे उमर्टी, ही गावे देशी पिस्तुलांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. तिथले कारागीर शिकलगर समाजाचे. हा शीख समाज पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे घडवणारा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार आडनावाचे मुसलमान आहेत, तेही पाती घासून धार लावणारेच. शब्दाचे मूळ एकच, सैकल म्हणजे चकाकी देणे. तेव्हा एका समाजाकडे बोट दाखवायला मी हे सांगत नाही. हुनर होता, राजे गेले, गिऱ्हाईक बदलले. पण तो माल डोंगरातून मुंबई-पुण्यापर्यंत जाताना मधल्या रस्त्यावर कोणीतरी लागतो. मोटारसायकल असलेला, पाच हजाराची गरज असलेला, "फक्त पोहोचवायचेय" हे ऐकून हो म्हणणारा. तो बहुतेक तुमच्याच वयाचा असतो. पिस्तूल बनवणाऱ्याला तो ओळखत नाही, घेणाऱ्यालाही ओळखत नाही. पकडला मात्र तोच जातो.

कायद्याच्या बाजूने कायदेशीर व्यवहार कसा होतो तेही माहीत असावे. समजा एका शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि त्याला ती विकायची आहे. तो दुकानदार नाही, खासगी माणूस आहे. कलम ५ त्याला विकू देते, पण घेणाऱ्याकडेही परवाना हवा, आणि विकण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचे: मी विकणार आहे, अमुक माणसाला, त्याचा पत्ता असा. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. हे ४५ दिवस सरकारला चौकशीसाठी दिलेले आहेत. त्यातच एखाद्या माणसाचा राग शांत होतो, हा माझा स्वतःचा अर्थ.

आमच्या डेटाबेसमध्ये पैशांचा व्यवहार असतो तसेच हे आहे. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, दोन्ही नोंदी झाल्या तरच व्यवहार पूर्ण. मध्येच कुठे अडकले तर सगळे मागे. बंदूक एका परवान्यावरून उतरते तेव्हा दुसऱ्या परवान्यावर चढलीच पाहिजे. मधल्या हवेत बंदूक असू शकत नाही. परवान्यांचा राष्ट्रीय डेटाबेसही आहे, प्रत्येक परवानाधारकाला युनिक क्रमांक मिळतो आणि तो नसलेला परवाना वैध धरत नाहीत. देशी कट्ट्याला मात्र ना क्रमांक, ना कारखान्याचे नाव. तो जन्मापासूनच हवेत असतो.

माझा एक मराठी सहकारी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. तिथे परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, १९९३ च्या ब्रेडी कायद्यापासून. पण एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांनी आपसात बंदूक विकली तर ती तपासणी लागत नाही. शेजारच्या माणसाकडून पार्किंगमध्ये घ्यायची, बस. कॅलिफोर्नियात तसे नाही. तिथे खासगी विक्रीही दुकानदारामार्फत आणि दहा दिवस थांबून. एका देशात राज्याराज्याला वेगळा कायदा. आपल्याकडे शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, त्यामुळे मुंबईच्या विधानसभेला वेगळा शस्त्र कायदा करता येत नाही. परवाना देणारा मात्र आपला जिल्हाधिकारीच. आणि तिकडे बंदूक ठेवणे घटनेने दिलेला हक्क आहे, इकडे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना हाच फरक सांगितला होता.

कोणी म्हणेल, हा कायदा इंग्रजांचा, आपल्याला निःशस्त्र करायला केलेला. १८७८ चा कायदा खरोखर तसाच होता. गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले, गांधीजींनीही त्यावर सडकून टीका केली. पण तो कायदा स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये रद्द करून नवा केला. नव्या कायद्यात गोऱ्यांना सूट नाही. वशिल्याची सूट गेली की नाही, हे तुम्ही ठरवा.

वशिल्याचा विषय निघाला म्हणून १९९३ चा खटला आठवू या. संजय दत्तची टाडातून सुटका झाली, पण शस्त्र कायद्याखाली बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झाली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सहावरून पाच वर्षांवर आणून कायम केली. त्याच खटल्यात मुंबईतल्या एका वयस्कर मुस्लिम महिलेची पाच वर्षांची शिक्षाही कायम झाली, ती मात्र टाडाखाली. शस्त्रांची बॅग थोडा काळ तिच्या घरी ठेवली गेली, हा आरोप. बॅगेत काय आहे ते तिला माहीत होते, असे कोर्टाने मानले. तिने ते नाकारले. दोन निकालांची तुलना त्या काळी खूप झाली, मला आज ती करायची नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की "कुणाचे तरी सामान आहे, राहू दे दोन दिवस" या वाक्याला किती वजन असू शकते.

इथे कायद्याचा एक बारकावा आहे, तो तुमच्या उपयोगाचा. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. तुम्हाला माहीतच नसेल तर गुन्हा होत नाही. पण सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात हेही सांगितले की वस्तू हातात असायलाच हवी असे नाही. दुसऱ्याच्या हातात असली तरी हुकूम तुमचा चालत असेल तर ताबा तुमचा. म्हणून "मी ते मित्राकडे ठेवायला दिले होते" हा बचाव नाही. त्यात ताबाही आला आणि हस्तांतरणही.

तलवारीचे थोडक्यात. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, रील टाकायची, दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. शस्त्र कायद्याचे कलम ४ आणि २५, सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचे ३७ आणि १३५. पुरावा तुम्हीच अपलोड केलेला. लग्नात हवेत गोळीबार केला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ पासून वेगळा गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरी.

संशयाची नजर आपल्या पोरांवर आधी पडते, ही तुमची तक्रार मी रोज ऐकतो आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तीच रील दुसऱ्या कुणी टाकली तर समज देऊन सोडतात आणि आपल्याकडे कलमे वाढतात, असे तुम्ही म्हणता. त्याविरुद्ध लढायचे तर कागदावर लढू. पण त्या लढाईत आपल्या हातात खरोखरचा कट्टा असेल, तर कुठलाही वकील आणि कुठलीही तंजीम तुम्हाला वाचवू शकणार नाही.

आपल्या दीनमध्येही हा बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देण्यास मनाई केली, आणि बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाताना त्यांची टोके हाताने धरायला सांगितले, कुणाला लागू नये म्हणून. ज्या काळात प्रत्येक घरात तलवार होती त्या काळात देण्याघेण्याची ही काळजी. कलम ५ च्या तेराशे वर्षे आधी.

आता ज्यांना खरोखर बंदूक लागते त्यांच्याबद्दल. रानडुकरे आणि रोही मक्याचे काय करतात ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, कलम १३ मध्ये त्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, मग पोलीस अहवाल. जमीन थोडी आहे, मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही, असे कलम १४ म्हणते. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या, आणि कलम १८ खाली अपील करा. "साहेब नाही म्हणाले" यावर घरी परत येऊ नका. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

आणि कुणाच्या घरात आजोबांची जुनी बंदूक असेल तर आज रात्रीच कागद काढून बघा. वारसाहक्कात हिस्सा मिळतो, परवाना मिळत नाही. धारक वारला की ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसाला ठेवायची असेल तर २०१६ च्या नियमांतल्या नियम २५ प्रमाणे स्वतःच्या नावे अर्ज करायचा. चार भावांपैकी एकाने. धारक हयात असतानाही, तो सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, तर तो वारसाच्या नावे हा अर्ज करू शकतो. हे फार कमी लोकांना माहीत असते, आणि मग म्हातारा गेल्यावर बंदूक माळ्यावर पडून राहते आणि घर नकळत गुन्ह्यात सापडते.

कलम ५ खालच्या लेखी सूचनेचा एक साधा मराठी नमुना मी टाइप करून आणला आहे, वीस प्रती त्या टेबलावर आहेत. ज्यांच्या घरी जुनी बंदूक आहे त्यांनी बाकी सगळे गेल्यावर माझ्याशी एकट्याने बोला, नाव सांगायची गरज नाही. आता प्रश्न विचारा.