फुलपुडा
(महोत्सवातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आपण संस्थेचा इतिहास ऐकत आहात. शिष्यवृत्त्या किती दिल्या, इमारतीवर दुसरा मजला केव्हा चढला, हे माझ्याहून जाणत्या माणसांनी सांगून झाले आहे. शिवाय मागच्या बाजूस पाने मांडण्याचा आवाज मला येथून स्पष्ट ऐकू येत आहे. तेव्हा मी एका लहानशाच गोष्टीविषयी बोलणार आहे. परगावी असलेल्या आपल्या माणसाला ताजी फुले कशी पाठवावी, एवढाच माझा विषय.

आपल्यापैकी जे काचीगुडा, सुलतान बाजार, गौळीगुडा या वस्त्यांत वाढले त्यांना फुलपुडा हा शब्द समजावून सांगावयास नको. पहाटे दाराच्या कडीला पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला पुडा अडकवलेला असे. आत चार झेंडू, थोडी तगर, एखादे जास्वंद, दूर्वा आणि तुळस. फुले आणणारा दिसत नसे. पुडा तेवढा दिसे. तो देवाचा असे. घरातल्या बाईसाठी फूल वेगळे, ते संध्याकाळी येई आणि त्याला गजरा म्हणत. ज्या बाईचा नवरा गेला तिच्यासाठी सकाळचा पुडा राही आणि संध्याकाळचा गजरा बंद होई. ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नसे, इतकी ती साधी समजली जाई.

माझी आई मी सात वर्षांची असताना वारली. मला आत्याने वाढवले, नारायणपेठेस. नारायणपेठ म्हटले की आपल्या भगिनींना लुगडे आठवते, पण ते एक गावही आहे. महबूबनगरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीलगत, तेलुगू, कन्नड आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जातात असे. 2019 पासून ते जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. माझ्या लहानपणी मात्र संध्याकाळी सातनंतर तेथे मागाचा खटखटाट तेवढा ऐकू येई. आत्याच्या अंगणात मोगऱ्याचे झाड होते. तिन्हीसांजेला ती ओट्यावर बसून आम्हा मुलींसाठी, सुनांसाठी, शेजारणींसाठी गजरे गुंफी. दिवा लागण्यापूर्वी अंधारात, फुलांकडे न पाहता गुंफी. तिच्या स्वतःच्या डोक्यात फूल नसे. काका गेले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

पुढे मुले नोकरीधंद्यासाठी पांगली, विहीर आटली, झाड वाळले, आणि आत्या एकटी राहिली. मी 1974 साली येथे शाळेत शिक्षिका म्हणून लागले. माझी जाण्यायेण्याची वाट मोअज्जम जाही मार्केटवरून जात असे. 1935 साली बांधलेली ती दगडी इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या जवळच जांबागेत तेव्हा फुलांचा मोठा बाजार भरे. घाऊक बाजार नंतर गुडीमल्कापूरला गेला. पण चैत्र-वैशाखात पहाटे जांबागेतून चालताना मोगऱ्याच्या कळ्यांचे ते पांढरे ढीग पाहून आत्याची आठवण न होणे शक्यच नव्हते.

आता पाठवण्याची रीत सांगते, कारण ती मी चुका करीत शिकले. आपल्याकडे गुंफलेली फुले मुरावर विकतात. मूर म्हणजे तेलुगूतला हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि मोजणारीचा स्वतःचा. म्हणून लांब हाताच्या फूलवालीकडे नेहमी गर्दी असे. परंतु परगावी पाठवावयाचे तर गुंफलेला सर घेऊ नये, सुट्या कळ्या वजनावर घ्याव्या. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात तेव्हा ती भरलेली पण मिटलेली असते, आणि खुडल्यावरही ती त्याच संध्याकाळी उमलते. म्हणजे सकाळी जी कळी हैदराबादेहून निघाली तिचा वास दिवेलागणीला दुसऱ्या गावी सुटतो. वाटेत ती रिकामी बसलेली नसते, तिचे काम चालूच असते! गुंफावयास आत्याचे हात होतेच.

कळ्या घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यात ठेवाव्या, वर केळीचे पान, आणि सुतळी सैल बांधावी. पाणी शिंपडू नये. पाण्याने कळी तांबूस पडते. एकदा मला वाटले, नुसती फुलेच काय पाठवायची, म्हणून मी त्याच पुड्यात अर्धा डझन पिकलेली केळी घातली आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. आत्याचे पत्र आले: "केळी चांगली होती." फुलांविषयी एक अक्षर नाही. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने कित्येक फुले वेळेआधी कोमेजतात, हे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला नंतर सांगितले. तेव्हापासून फळ आणि फूल मी एका पिशवीत कधी घातले नाही.

पुडा घेऊन मी गौळीगुड्याच्या बसस्थानकावर जाई. तो अजस्र लोखंडी मांडव आता राहिला नाही. 1994 साली मुशीकाठी नवे बसस्थानक झाले आणि 2018 च्या जुलैत जुना मांडव कोसळला. तेव्हा मात्र त्याच मांडवाखालून गाड्या सुटत. पुड्यावर मराठीत आणि तेलुगूत नाव लिहून मी तो कंडक्टरच्या हाती देई. शादनगर, जडचर्ला, महबूबनगर करीत गाडी दुपारनंतर नारायणपेठेस पोचे आणि स्थानकासमोरच्या दुकानातला मुलगा पुडा घरी नेऊन देई. एकाही कंडक्टरने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. एकाने मात्र दोन कळ्या मागून घेतल्या होत्या. कोणासाठी, ते मी विचारले नाही.

आत्याचे पहिले पत्र आले: "फुले पोचली, विठोबाला वाहिली." दुसऱ्या खेपेस फुले देवीला गेली. तिसऱ्या खेपेस तिने गजरे करून आळीतल्या सुवासिनींना वाटले, आणि कोणाकोणाला दिले त्यांची नावे मला कळवली. मला राग आला. तरुण वय होते. मी लिहिले की, देवाला फुले द्यावयास सारे गाव आहे. हा पुडा मी तुला पाठवते, तुझ्या नावाने. त्या पत्राला उत्तर आले नाही. मीही हट्टाने दर शनिवारी पुडा पाठवीत राहिले.

मे महिन्याच्या सुटीत मी स्वतःच कळ्या घेऊन गेले. रात्री उकाड्याने जाग आली. आत्या अंथरुणावर बसली होती आणि खोलीत मोगऱ्याचा वास भरला होता. तिच्या उशाशी पितळेची वाटी होती, तीत ओंजळभर फुले. मी जागी आहे हे तिला कळले. ती म्हणाली, "माळत नाही गं. उशाशी ठेवते नुसती. अंधारात कोण बघतंय?"

मी काही बोलले नाही. आजही त्यावर मला काही बोलता येत नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि पहाटे जांबाग गाठणे अशक्य झाले. तेव्हा मी नारायणपेठेतल्याच एका फूलवालीला गाठले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी मनिऑर्डर करी आणि ती फुलांचे पाहत असे. मला वाटले, आपण काही नवीनच युक्ती काढली. पुढे वाचनात आले की ही युक्ती बरीच जुनी आहे. 1908 साली, ज्या साली मुशीला तो महापूर आला त्याच साली, बर्लिनमधल्या माक्स ह्यूबनर नावाच्या फूलविक्रेत्याने गावोगावच्या फूलवाल्यांना एकत्र केले, ते याचसाठी. 1910 साली अमेरिकेतल्या फूलवाल्यांनी तेच तारेने सुरू केले. फूल प्रवास करीतच नाही. प्रवास करतो तो निरोप. फूल त्या गावचे त्या गावातच दिले जाते. तार आपल्या देशात 2013 च्या जुलैत बंद झाली, पण माझा नातू परदेशातून मोबाईलवर बोट फिरवतो आणि दोन तासांत माझ्या दाराशी गुलाब येतात, तेही त्याच जुन्या युक्तीने. गुलाब सुरेख असतात. प्लास्टिकचे वेष्टण काढता काढता मात्र माझी नखे मोडतात.

ती नारायणपेठेची फूलवाली मात्र नुसता पुडा टाकून जात नसे. ओट्यावर टेके, पाणी पिई, आत्याची चौकशी करी. आत्या तापाने पडली हे मला पहिल्यांदा तिच्यामुळे कळले. तिने दुकानदाराकडून पत्र लिहवून घेतले होते. तिची-माझी भेट झाली तेव्हा मी पाहिले, पाटीभर फुले घेऊन फिरणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या केसांत एक फूल नव्हते. मी कारण विचारले नाही. कपाळही रिकामेच होते.

आत्या 1991 साली वारली. शेवटपर्यंत तिने केसांत फूल माळले नाही. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर आपणांस वाटेल की माझ्या फुलांनी काही मोठी क्रांती केली. वाटी तेवढी उशाशी राहिली.

आता आपल्या संस्थेविषयी. आपले चैत्रातले हळदीकुंकू मी कित्येक वर्षे पाहत आहे. आंब्याची डाळ, पन्हे, हरभऱ्याची ओटी आणि प्रत्येकीला एक गजरा. निमंत्रण सर्व सभासद भगिनींना जाते, असे आपले चिटणीस सांगतात आणि ते खरेच सांगतात. पण ज्यांचे यजमान गेले त्या भगिनी येत नाहीत. आल्या तर मागच्या रांगेत बसतात, डाळ खातात, आणि गजऱ्याची परडी जवळ आली की पदर सारखा करीत दुसरीकडे पाहतात. परडी धरणारी मुलगीही क्षणभर घोटाळते आणि पुढे जाते. त्या मुलीचा दोष नाही. तिला कोणी काही सांगितलेलेच नसते.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा आपल्या गावात होणार नाहीत. महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याविषयी कळवले. एक खेडे जे करू शकले ते आपण, पदवीधरांनी भरलेली ही संस्था, सभागृहात एकदम करू शकू असे मी म्हणत नाही. सभागृहात चार डोळे पाहत असतात आणि म्हातारपणी त्यांची भीती वाढते, कमी होत नाही.

म्हणून माझी सूचना लहान आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी, समारंभाच्या आधी, अशा प्रत्येक भगिनीच्या घरी तिच्या नावाचा फुलांचा पुडा जावा. तिने तो माळावा, देवाला वाहावा, की उशाशी ठेवावा, हे कोणी पाहू नये आणि कोणी विचारू नये. ज्या परगावी राहतात, तांडूर, महबूबनगर, निजामाबाद, नांदेड, त्यांच्यासाठी त्या त्या गावची फूलवाली आपल्या तेथल्या सभासदांनी ठरवून द्यावी. आपण येथून पुडे पाठवू नयेत. माझी केळी आठवावी. खर्च मी काढून पाहिला आहे, गेल्या वर्षीच्या मांडवाच्या रोषणाईच्या निम्माही होत नाही. कोषाध्यक्षांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते येथून नीट दिसले नाही.

नावे लिहिण्यासाठी एक वही बाहेर चपलांच्या मांडणीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. कोणीही आपल्या आईचे, सासूचे, जाऊबाईंचे नाव लिहावे, स्वतःचेही लिहावे. पहिले नाव मी माझेच लिहिले आहे. कोणते फूल हवे असा एक रकाना आहे, त्यात मी जुई लिहिली आहे. आत्याची क्षमा मागून सांगते, मोगरा मला पहिल्यापासून जरा उग्रच वाटतो.