अस्पृश्यतेची जन्मतारीख

(धायरी, पुणे इथल्या बुद्धविहारात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त शिव्या गाळल्यात.)



मी मॅट्रिक. मुंबईला गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. इतिहासाचा पंडित नाही. चुकलो तर मधेच हात वर करा, शेवटपर्यंत वाट बघू नका.

इथल्याच एका पोरानं मला फोनवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलेलं, दादा, बुद्ध ख्रिस्तपूर्व 1887 चा निघाला, आपण अजून जुने! पोरगं खूष. पाच मिनिटं मी पण खूष होतो, खोटं कशाला बोलू. मग रात्रपाळीत डोक्यात किडा वळवळायला लागला, की ज्यांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं त्यांच्या पोथ्यांवर हा हिशेब उभा आहे, आणि त्यांना बुद्धाचा एवढा कळवळा कधीपासनं?

तारखा मागं ढकलायचा धंदा पुण्याला नवा नाही. इथनं पुढं सिंहगड. गडावर टिळकांचा बंगला आहे. टिळकांनी 1893 साली 'ओरायन' लिहिलं, मृगनक्षत्राच्या गणितावर वेद ख्रिस्तपूर्व 4000 च्या आसपास नेले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून 1903 ला आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलं. माणूस विद्वान होता, नाही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी 1946 च्या शूद्रांवरच्या ग्रंथात एकच साधा प्रश्न टाकला. वेदात पानोपानी घोडा आहे, मग ध्रुवावर घोडा होता का? बास. बर्फाचं सगळं घर त्या एका घोड्यानं डळमळलं.

टिळकांनंतर पुण्याचेच डॉ. प. वि. वर्तक. त्यांनी महाभारत युद्धाचा दिवससुद्धा काढला, 16 ऑक्टोबर, ख्रिस्तपूर्व 5561. दुसरे पंडित तेच ग्रह-तारे बघून 3138 काढतात. आकाश एकच, श्लोकही तेच, आणि फरक चोवीसशे वर्षांचा! कुठला श्लोक धरायचा अन् कुठला सोडायचा हे आधी ठरवून बसलं की असंच होणार.

आता तो 1887. तो आंध्रच्या कोटा वेंकटाचलम यांचा. पु. ना. ओकही बुद्धाला तेराशे वर्षं मागं न्यायला निघाले होते. युक्ती समजून घ्या. ग्रीक लेखकांनी सँड्रोकोटस नावाच्या राजाबद्दल लिहून ठेवलंय. 1793 साली विल्यम जोन्सनं सांगितलं, हा चंद्रगुप्त मौर्य. त्या खुंटीला आपला जुना इतिहास टांगलाय. वेंकटाचलम म्हणतात, नाही, तो गुप्त घराण्यातला चंद्रगुप्त. एवढं एक नाव बदललं की गुप्त राजे शिकंदराच्या काळात जातात, अशोक ख्रिस्तपूर्व 1472 ला आणि बुद्ध 1887 ला.

गोदीत माल उतरतो तेव्हा टॅली दोन होतात. जहाजावरचा क्लार्क मोजतो, धक्क्यावरचा क्लार्क मोजतो. दोघं एकमेकांची वही बघत नाहीत. आकडे जुळले तर माल खरा. एकट्याच्या वहीवर कुणी सही करत नाही. पुराणांच्या वंशावळ्या म्हणजे एकट्याची वही.

अशोकाची टॅली दगडात आहे. तेराव्या शिलालेखात तो पाच यवन राजांची नावं देतो : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग, अलिकसुंदर. हे सीरिया, इजिप्त, मॅसिडोनिया, सायरीनी अशा ठिकाणचे राजे. अलिकसुंदर एपिरसचा की कॉरिंथचा यावर वाद आहे, पण तिकडच्या वहीत पाचही जण सापडतात, आणि सगळे एकदमच गादीवर होते तो काळ ख्रिस्तपूर्व 260 ते 250 च्या आसपासचा. वेंकटाचलम म्हणतात हे आपल्याच सीमेवरचे यवन राजे होते. एखादं नाव जुळलं तर म्हणा योगायोग. पाच नावं एका ओळीत? शिवाय 1958 ला कंदाहारला अशोकाचा लेख सापडला तो ग्रीक आणि अरमाईक भाषेत. ख्रिस्तपूर्व 1472 ला ती ग्रीक लिपी होती कुठं?

आता आपल्या पोटावर पाय कुठं पडतो ते बघा. 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इ.स. 400 च्या सुमाराला धरला. कशावरनं? गाय मारणं महापाप ठरलं ते गुप्तांच्या राज्यात, त्याला पाचव्या शतकाच्या सुरवातीचे शिलालेख. फाहियान आणि ह्युएनत्संग हे दोन चिनी प्रवासी, म्हणजे पुन्हा परकी वही. गुप्तांना उचलून सहाशे वर्षं मागं टाकलं की हा सगळा हिशेब मोडतो. मग अस्पृश्यतेला जन्मतारीखच राहत नाही. ती सनातन होते. आणि सनातन गोष्टीचा गुन्हेगार कोण? कुणीच नाही. 1887 चा प्रसाद आपल्याला देतात तो या भावात.

बाबासाहेबांनी त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय की पुरावा तुटतो तिथं आपण कल्पना आणि अंदाज वापरलाय. उद्या कुणी ठोस पुरावा आणून त्यांची तारीख दोनशे वर्षं इकडंतिकडं केली तर करू द्या, वाद घालू. बुद्धाच्या तारखेवरही वाद आहेच. 1956 ला अडीच हजारावं वर्ष साजरं झालं ते महापरिनिर्वाण ख्रिस्तपूर्व 544 ला धरून. विद्वान 483 म्हणतात, कुणी 400 च्या जवळ आणतात. पण ही भांडणं दोन वह्या समोर ठेवून चालतात.

आपली पोरं पण कमी नाहीत, हेही सांगतो, राग आला तर येऊ द्या. मोहेंजोदडोच्या टेकाडावर स्तूप आहे, म्हणून बौद्ध धम्म पाच हजार वर्षांचा, असा मेसेज आपल्याच ग्रुपवर फिरतो. अरे, तो स्तूप शहर उजाड झाल्यावर दोनेक हजार वर्षांनी तिथं बांधला असं मानतात. तो स्तूपच का, यावरसुद्धा वाद आहे. जोतिरावांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त मत्स्यावतार म्हणजे माशासारख्या झपाट्यानं होड्यांतनं आलेली टोळी असा अर्थ लावला. त्या अर्थावर आज तारीख बसवता येणार नाही. पण दशावतार म्हणजे कुणीतरी कुणालातरी हरवल्याच्या गोष्टी आहेत, हे बघायची नजर त्यांनी दिली. ती घ्या. शब्दांच्या उड्या मारत बसू नका.

आपला दगड आपल्याजवळच आहे. सोपारा, नालासोपाऱ्याचं जुनं बंदर. तिथंही आमच्यासारखेच कुणीतरी माल उतरवत असणार. 1882 ला भगवानलाल इंद्रजींना तिथं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकार-मौजेच्या यात्रा सोडून राजा संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला, त्याची हकीकत सांगणारा हा लेख. नवव्या लेखाचा तुकडा तिथनंच जवळ सापडला 1956 साली. साल लक्षात आलं ना?

आठव्याचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. व्हिडिओ पाठवणाऱ्या पोरानं वही-पेन घेऊन यावं, बाकीच्यांनीही यावं. रविवारी सकाळी मी रात्रपाळी करून तसाच येईन, गेटवर थांबतो. तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानं आणावेत, माझा पगार अजून झालेला नाही.