सोन्याचा कण आणि कर्करोगाची सीमा



मेंदूतली गाठ काढताना शस्त्रवैद्यापुढे एकच मोठा प्रश्न असतो : थांबायचे कोठे? कमी कापले तर रोगट पेशी मागे राहून गाठ पुन्हा वाढते. जास्त कापले तर रोग्याची वाचा किंवा हातापायांतले बळ जाते. नुसत्या डोळ्यांना ही सीमा पुष्कळदा दिसत नाही. ती प्रकाशाने दाखवता येईल काय, ते आज आपण पाहू.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन यांना, कृष्णन यांच्या सहकार्याने काम करताना, असे आढळले की पदार्थाने विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून येतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. अंधारात आवाजावरून माणूस ओळखावा, तसा या बदलावरून रेणू ओळखता येतो. मात्र हा आवाज फार क्षीण. प्रकाशाच्या कोटी कणांत जेमतेम एखादा!

१९७४ साली इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा हाच आवाज मोठा ऐकू आला. चांदीचा पृष्ठभाग तो लाखो पटींनी वाढवतो, हे १९७७ साली स्पष्ट झाले. यातूनच पुढची युक्ती निघाली. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, सुमारे ६० नॅनोमीटरचा सुवर्णकण घ्यावयाचा. त्यावर खुणेचा रेणू बसवावयाचा, वर संरक्षक कवच चढवावयाचे आणि कर्कपेशीला धरणारे प्रतिपिंड जोडावयाचे. २००८ साली अशा कणांनी जिवंत उंदरांतील गाठी दाखवल्या. २०१२ साली उंदरांच्या मेंदूतील गाठीत, प्रतिपिंडावाचूनही, असे कण जमले. त्यांनी दाखवलेली सीमा सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीशी जुळली.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रकाश शरीरात फार खोल जात नाही आणि सोने यकृतात व प्लीहेत साचून राहते. त्याचा दीर्घकाळचा परिणाम तपासल्याशिवाय ते रोग्याला कसे द्यावे? आणि कोणी यावरून सुवर्णभस्माने कर्करोग बरा होतो असे सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. येथे सोने औषध नाही, दिवा आहे.

तो दिवा शस्त्रक्रियागृहात नित्याचा होईपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. अंगावरची गाठ लपवू नये, वेळीच वैद्याला दाखवावी. गाठ लहान असते तेव्हाच तिची सीमाही सापडणे सोपे असते.